आंघोळ करून धबधब्याला

जुलै लागला, की बंगळूरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुक्रवारी रात्री कुणीतरी धबधब्याचा फोटो टाकतो. हिरवीगार दरी, पांढरंफेक पाणी आणि खाली एवढंच: 'संडेला? फक्त १३० किलोमीटर.' फोटो कुठल्या सालच्या पुरातला आहे, हे कुणी विचारत नाही. वाद होतो तो 'फक्त'वरून. ज्या शहरात सिल्क बोर्डाचा चौक ओलांडणाऱ्याला घरचे 'पोचलास की फोन कर' म्हणतात, तिथे १३० किलोमीटरना 'फक्त' म्हणणारा माणूस एक तर नुकता आलेला असतो, नाही तर स्वतः गाडी चालवणार नसतो.

तरी लोक निघतात. त्यात मराठी कुटुंबं जरा जास्तच हिरिरीनं निघतात. पाऊस आला की भिजायला जायचं आणि भिजलं की भजी खायची, हा क्रम त्यांच्या अंगात लोणावळ्यापासून मुरलेला. बंगळूरच्या पावसाला मात्र हा क्रम ठाऊक नाही. तो ऑफिसं सुटायच्या वेळी येतो, रस्ते बुडवतो आणि काम झाल्यावर निघून जातो. त्यात भिजणारा माणूस सहलीला आलेला नसतो, बसची वाट बघत असतो. हौसेनं भिजायचं तर गावाबाहेर जायला हवं, आणि गावाबाहेर म्हटलं की पहिलं नाव येतं ते कावेरीवरच्या शिवनसमुद्राचं.

उदाहरणादाखल राजराजेश्वरीनगरातलं एक घर घेऊ. जावई सॉफ्टवेअरमध्ये, लेक बँकेत, नातू शाळेत कन्नड शिकणारा आणि म्हणून घरचा अधिकृत दुभाषा. सासू-सासरे साताऱ्याहून दोन महिने राहायला आलेले. सासरे साताऱ्याचे असणं या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे. ठोसेघर ज्याच्या अंगणातलं, तो परराज्यातल्या धबधब्याकडे पर्यटक म्हणून जात नाही, परीक्षक म्हणून जातो.

'जावईबापू, उंची किती म्हणालात?'

'साधारण ९० मीटर, बाबा.'

'आमचा भांबवलीचा वजराई ५६० आहे.'

इथे थोडा खुलासा हवा. धबधब्याची उंची स्थळ सांगून येणाऱ्या मुलाच्या उंचीसारखी ऐकावी. बूट घालून मोजली की काढून, ते आपण विचारायचं असतं. वजराई तीन टप्प्यांत उतरतो. कर्नाटकातला कुंचिकल ४५५ मीटरचा म्हणून मिरवतो, पण तोही पायऱ्यापायऱ्यांनी येतो. जोग २५३ मीटरच, पण सरळ उडी घेतो. मेघालयातला नोहकालिकाई ३४० मीटर एका झेपेत पडतो. त्यामुळे 'भारतातला सर्वांत उंच' हा किताब एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी सुखानं नांदतो. सासऱ्यांना हा सगळा खुलासा मान्य आहे, वजराईचा भाग सोडून.

निघायचं ठरतं पहाटे साडेपाचला. पण सासूबाईंचा नियम आहे: आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. 'आजी, आपण भिजायलाच चाललोय ना?' हा नातवाचा मुद्दा बिनतोड असतो, म्हणूनच तो ऐकून घेतला जात नाही. पाच माणसांच्या पाच आंघोळी होतात. या पाच आंघोळींच्या पाण्यावर वाचकांनी लक्ष ठेवावं. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

मग डबे भरले जातात. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, दशम्या, कोल्हापुरी भडंग. जावयाची इच्छा मैसूर रस्त्यानं जाऊन मद्दूरला थांबायची असते, कारण मद्दूर वडा. पण मार्च २०२३ मध्ये नवा द्रुतगती मार्ग सुरू झाला आणि तो मद्दूरला बगल देऊन निघून गेला. आता वडा खायचा तर मुद्दाम खाली उतरावं लागतं. शिवाय सासऱ्यांनी हा वडा मागे एकदा खाल्लेला असतो आणि 'भजं चांगलं आहे, पण कुणीतरी त्याच्यावर बसलंय' असा निकाल दिलेला असतो. तेव्हा कनकपुरा रस्ता ठरतो.

कनकपुरा रस्त्याला लागेपर्यंत सासऱ्यांना इतिहास सुचतो. रहदारी थांबली की तो सगळ्यांनाच सुचतो. हे शहर मूळ आपलंच, हा त्यांचा मुद्दा आणि त्याला थोडा आधारही आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं केंपेगौडांच्या वारसाकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे १६८७ मध्ये मुघल सरदार कासिम खानानं ते व्यंकोजीराजांच्या हातून काढलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना दिलं. अख्खं शहर, तीन लाखांना. जावयानं फ्लॅट भाड्यानं घेताना याहून जास्त डिपॉझिट भरलेलं असतं, त्यामुळे या विषयावर तो फार बोलत नाही.

तातगुणी येतं. अभिनेत्री देविकाराणी आणि चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांची मोठी इस्टेट इथली. पण बंगळूरकराच्या आयुष्यात तातगुणीचं खरं स्थान पंपांमुळे आहे. गाडी दक्षिणेकडे धबधबा बघायला निघालेली असते आणि त्याच रस्त्याच्या कडेनं, उलट दिशेनं, धबधबा शहराकडे निघालेला असतो. नळातून.

याचं गणित असं. बंगळूर वसलंय समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर, पठाराच्या पाठीवर, आणि मोठी नदी म्हणावी अशी एकही नदी गावातून जात नाही. १८९० च्या दशकात हेसरघट्टा तलावाचं पाणी आणलं, १९३३ मध्ये अर्कावतीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. शहर ते पिऊन मोकळं झालं. मग कावेरीकडे हात पसरले. शिवनसमुद्राजवळच्या बंधाऱ्यावरून पाणी वळवायचं, तोरेकाडनहळ्ळीला ते शुद्ध करायचं, तिथून उचलून हारोहळ्ळी, हारोहळ्ळीहून उचलून तातगुणी आणि तातगुणीहून उचलून शहरात. जवळपास १०० किलोमीटर अंतर आणि ५०० मीटरच्या आसपास चढ. १९७४ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा. आता दिवसाला २२० कोटी लिटरच्या वर पाणी चढवायची सोय झाली आहे.

सह्याद्रीत उलटे धबधबे आहेत. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळ कावळेसादला भर पावसात वारा दरीतून असा उसळतो, की पडणारं पाणी परत वर उडतं आणि बघणाऱ्याच्या तोंडावर येतं. लोक ते बघायला लांबून जातात. बंगळूरचा उलटा धबधबा यांच्यापेक्षा किती तरी मोठा, बाराही महिने चालणारा आणि पंपांवरचा आहे. त्याचा फोटो मात्र कुणी ग्रुपवर टाकत नाही. त्याचं विजेचं बिलच तेवढं डोळ्यांत भरतं.

'म्हणजे सकाळी मी ज्या पाण्यानं आंघोळ केली,' सासरे विचारतात, 'ते आपण चाललोय तिथलंच?'

'हो, बाबा.'

'मग आपण कशाला चाललोय?'

या प्रश्नाला उत्तर नाही, असं नव्हे. बंगळूरच्या बऱ्याच लोकांपाशी ते असतं. २००७ मध्ये शहराच्या हद्दीत ११० खेडी घेतली गेली आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढची कित्येक वर्षं बोअरवेल आणि टँकर यांच्यावर काढली. पाचवा टप्पा प्रामुख्यानं त्यांच्यासाठीच होता. त्या भागातल्या माणसाला कावेरी बघायची तर इतकी वर्षं खरोखरच पेट्रोल जाळून जावं लागत होतं.

मार्च २०२४ मधल्या टंचाईत तर पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणं आणि बागेला ते घालणं यांवर बंदी आणली. बावीस घरांना प्रत्येकी ५००० रुपये दंड झाला. होळीच्या सुमाराला हॉटेलांतल्या 'रेन डान्स'लाही मनाई आली. पाऊस पडत नसताना पाऊस भाड्यानं आणून नाचायचं, ही कल्पना मुळात कुणाला सुचली, याचा तपास व्हायला हवा होता; तो कुणी केला नाही.

कनकपुरा गेलं, सातनूर गेलं, हलगूर आलं. रागीची शेतं, नारळ, रेशीमवाल्यांची तुतीची लागवड. आता मुद्द्याचा प्रश्न: आज धबधब्याला पाणी असेल का? साताऱ्याच्या माणसाला हा प्रश्नच विचित्र वाटतो. तिकडे पाऊस पडला की धबधबा वाहतो, दोघांच्या मध्ये कुणी नसतं. कावेरीच्या बाबतीत मात्र मध्ये बरीच मंडळी आहेत. पाऊस पडतो कोडगूत. तो अडतो कृष्णराजसागर धरणात, ज्याची पातळी कर्नाटकातले पेपर पावसाळ्यात रोज छापतात आणि १२४.८० फूट हा पूर्ण भरल्याचा आकडा मंड्याच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. धरण भरलं की मुख्यमंत्री जाऊन नदीला बागिन, म्हणजे आपल्याकडचं वाण, अर्पण करतात. दुसरीकडून कबिनी धरणाचं पाणी येतं. मग तामिळनाडूचा वाटा. सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०१८ ला ठरवून दिल्याप्रमाणे सरासरी वर्षात १७७.२५ टीएमसी पाणी बिळिगुंडलूच्या मापनकेंद्रापाशी पोचायला हवं. हे पाणी खाली जाताना वाटेत शिवनसमुद्राच्या कड्यावरून उडी मारतं. थोडक्यात, धबधबा भरून वाहतोय की नाही, हे कळायला वेधशाळेइतकंच कोर्टाच्या बातम्यांवर लक्ष ठेवावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये पाणी सोडण्यावरून आधी बंगळूर बंद झालं आणि तीन दिवसांत अख्खं कर्नाटक. त्या दिवसांत धबधबा बघायला कोण जाणार?

नदीला असं वेळापत्रक लावणारे आपण एकटे नाही. नायगाराचं तर कामाचे तास ठरवून दिलेलं रीतसर कलम आहे. १९५० च्या करारानुसार अमेरिका आणि कॅनडा यांनी पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला एक लाख घनफूट पाणी धबधब्यावरून सोडायचं. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं पुरे, उरलेलं विजेला. पाहुणे झोपले की नायगारा बारीक होतो. चीननं याच्याही पुढे मजल मारली. जून २०२४ मध्ये हनान प्रांतातल्या युनताई डोंगरावर एक हौशी गिर्यारोहक धबधब्याच्या अगदी माथ्यावर गेला आणि त्याला पाणी चक्क पाइपातून सोडलेलं दिसलं. चित्रफीत जगभर फिरली. उद्यानानं धबधब्याच्याच तोंडून खुलासा केला, की कोरड्या दिवसांत भेटीला येणाऱ्यांना आपलं बरं रूप दिसावं म्हणून थोडी मदत घेतली होती. पावडर लावली, चेहरा माझाच, असा एकंदर सूर.

जोगची गोष्टही वेगळी नाही. शरावतीवर १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण झाल्यापासून राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट हे चारही ओघ धरणाच्या मर्जीवर आहेत. उन्हाळ्यात तिथे गेलेला माणूस चार ओल्या रेघा बघून येतो आणि घरी पावसाळ्यातलं पोस्टकार्ड दाखवतो.

शेवटी शिवनसमुद्र येतं. कावेरी इथे एका बेटाभोवती दुभंगते. पश्चिमेची शाखा गगनचुक्कीला पडते, पूर्वेची भरचुक्कीला. गगनचुक्कीचा मुख्य नजारा मंड्या जिल्ह्यातून दिसतो आणि भरचुक्की लागतो चामराजनगर जिल्ह्यात. नदी एक, धबधबे दोन, जिल्हे दोन, आणि पार्किंगच्या पावत्याही दोन.

गगनचुक्कीला पायऱ्या आहेत, कठडे आहेत, मनोरा आहे आणि माकडं आहेत. माकडांना पर्यटनाचं प्रशिक्षण माणसांपेक्षा चांगलं मिळालेलं दिसतं. पाणी बघायला आलेल्या माणसाकडे ती ढुंकूनही बघत नाहीत, त्याच्या पिशवीकडे बघतात. भडंगाचा पुडा कोल्हापूरहून इथवर येऊन पहिल्या पाच मिनिटांत हस्तांतरित होतो. कठड्यापाशी तिखट-मीठ लावलेली काकडी, कैरीच्या फोडी, कागदाच्या सुरळीत चुरमुरी. समोरच्या काठावर दर्गा आहे आणि तिथेही माणसांची गर्दी. इकडची माणसं धबधब्याकडे पाठ करून फोटो काढत असतात, तिकडची माणसंही धबधब्याकडे पाठ करूनच. पाण्याकडे तोंड करून उभे राहिलेले फक्त सासरे.

पाणी आज भरपूर असतं. धबधबा एकाच धारेनं पडत नाही. काळ्या खडकांतून जिथे फट सापडेल तिथून, शंभर वाटांनी, मातकट रंगाचा, तुषार वर उडवत खाली जातो. सासरे बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, 'रुंदी बरी आहे.' जावयाच्या दृष्टीनं हे पद्मभूषण असतं.

मग जावई दुसरा डाव टाकतो. खाली दरीत दिसणारं वीजघर दाखवतो. म्हैसूरचे दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळातली ही योजना. जोली द लोतबिनिएर नावाचा लष्करी इंजिनिअर अमेरिका आणि युरोप फिरून आला, जनरल इलेक्ट्रिकनं यंत्रं पुरवली आणि ३० जून १९०२ ला इथली वीज १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोचली. इतक्या लांब वीज वाहून नेणारी तार त्या काळी जगात क्वचितच होती. शेषाद्री अय्यर ते बघायला राहिले नाहीत. १९०१ मध्येच ते गेले. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळायला १९१५ उजाडलं. आणि बंगळूर? वीज शहराच्या परिसरातून खाणींकडे जात असताना शहर कंदिलावरच होतं. ५ ऑगस्ट १९०५ ला बाजारपेठेत पहिला दिवा लागला. आधी सोनं, मग माणसं, हा क्रम त्या वेळी कुणाला खटकला नसावा.

'किती मेगावॉट?' सासरे विचारतात.

'आता ४२.'

'कोयना १९६०.'

कोयना सातारा जिल्ह्यात आहे, हे जावई विसरलेला असतो.

काही वर्षी पावसाळा सरता सरता इथे 'जलपातोत्सव' भरतो. संगीत होतं, मंत्री येतात आणि रात्री गगनचुक्कीवर रंगीत दिव्यांचे झोत सोडतात. ज्या धबधब्यानं आधी वीज दिली, त्याच्यावर वीज उधळून त्याला गुलाबी आणि हिरवा करण्यात येतो. सत्काराला स्वतःच्याच बागेतल्या फुलांचा हार, पण सत्कारमूर्ती बिचारी तक्रार करत नाही.

भरचुक्कीला खाली उतरायला शे-दोनशे पायऱ्या आहेत, आणि खाली गोल टोपलीची नाव मिळते, निदान पाटीवर तरी. इथेच या सगळ्या छंदातली मूळ मेख आहे. पाणी कमी असतं तेव्हा खाली जाऊ देतात, नाव मिळते, पाण्यात पाय सोडता येतात, पण बघायला धबधबा नसतो. धबधबा असतो तेव्हा पायऱ्यांवर फाटक लागतं आणि शिट्टी घेऊन एक पोलीस उभा असतो. 'मग लोकांनी यायचं कधी?' असं सासरे नातवामार्फत त्याला विचारतात. पोलिसाचं कन्नड उत्तर नातू एका शब्दात सांगतो: 'जानेवारीत.'

पोलिसाची बाजू खरी आहे, हे मात्र सांगायलाच हवं. शिवनसमुद्राच्या निसरड्या खडकांवरून पाय घसरून माणसं गेली आहेत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. पाणी वाढलं ते काही क्षणांत. वर कुठे पाऊस पडतोय, हे खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. शिट्टीवाल्याला तरी वायरलेसवर कळतं.

शिट्टी सगळीकडे एकाच सुरात वाजते असंही नाही. गोव्याच्या हद्दीवरचा दूधसागर ही बंगळूरच्या तरुणांची जुनी पंढरी. रात्रीच्या गाडीनं कॅसलरॉकला उतरायचं आणि रुळांवरून, बोगद्यांतून चालत धबधबा गाठायचा. २०१३ मध्ये 'चेन्नई एक्स्प्रेस' सिनेमा आला आणि अख्ख्या देशाला ती वाट कळली. रेल्वेनं बंदी घातली. बंदीमुळे जागेचं आकर्षण वाढलं. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी शेकडो लोक तिथे पोचले आणि पोलिसांनी त्यांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या. दूधसागर ३१० मीटरवरून कोसळतोय, समोर इंजिनिअरांची रांग उठाबशा काढतेय, आणि पलीकडून कुणीतरी त्याची रील करतोय. धबधब्याचा अनुभव आपल्या डब्यातूनच घ्या, असं रेल्वेनं नंतर सौम्य शब्दांत कळवलं. रेल्वेचा डबा हा धबधबा बघायची सर्वांत सुरक्षित जागा आहे यात शंका नाही. फक्त खिडकी आपल्या बाजूला यायला हवी.

परतीच्या वाटेवर कनकपुऱ्यापाशी वळून आणखी एक धबधबा गाठता येतो. चुंची. अर्कावतीवरचा, लहानसा, गर्दी कमी. मेकेदाटूच्या रस्त्यानं जायचं, मग आडवाटेला वळायचं, पुढे खडकांतून चालायचं. 'ऑफबीट' म्हणून हल्ली याचं नाव फार आहे. आणि इथेच वाचकांना सकाळच्या पाच आंघोळी भेटतात.

सांगण्यात थोडा संकोच आहे, पण भूगोलाचा इलाज नाही. नळानं आलेल्या पाण्यापैकी ८० टक्क्यांचं सांडपाणी होतं, असं इंजिनिअर हिशोबाला धरतात. पठाराच्या पाठीवर वसल्यामुळे बंगळूरचं सांडपाणी दोन बाजूंना उतरतं. पूर्वेकडचं बेळ्ळंदूर तळ्याकडे जातं, जिथे फेस आणि कधीमधी आगही बघायला मिळते, आणि पुढे दक्षिण पिनाकिनीनं तामिळनाडूत. पश्चिमेकडचं वृषभावतीत. ही नदी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या पायाशी उगम पावते अशी श्रद्धा आहे. आता तिच्यात बारमाही जे वाहतं, ते बहुतेक शहरानंच दिलेलं असतं. राजराजेश्वरीनगर आणि केंगेरीच्या बाजूनं ती बैरमंगलला जाते, मग अर्कावतीला मिळते. अर्कावतीचा वरचा भाग आटला आणि खालचा भाग असा भरला. तीच अर्कावती चुंचीला कड्यावरून पडते आणि संगमाला कावेरीत शिरते, शिवनसमुद्राच्या बरीच खाली.

म्हणजे शिवनसमुद्राला पाणी उचलायचं, पंपांनी ५०० मीटर चढवायचं, त्यानं एकदा आंघोळ करायची आणि ते उतारानं सोडून द्यायचं. चुंचीला ते पुन्हा उडी मारतं. व्हाइटफील्डच्या माणसाला इथे येऊन काही उपयोग नाही. त्याचं पाणी पूर्वेला गेलेलं असतं. पण राजराजेश्वरीनगरच्या माणसाचं या धबधब्याशी घरचं नातं आहे. भर पावसात साध्या पाण्याची भर पडते आणि नातं जरा पातळ होतं, एवढंच.

जावयानं हे सगळं वाचलेलं असतं, पण तो बोलत नाही. बाजूला दोन मुली डोळे मिटून, हात पसरून, निसर्गाचा दीर्घ श्वास घेत असतात, आणि त्यांचा श्वास मध्येच अडवणं त्याला बरं वाटत नाही. नातू मात्र शाळेत जलचक्र शिकलेला असतो. तो आकृतीसकट सगळं आजोबांना समजावून सांगतो. सासरे दगडावरून दोन पावलं मागे सरकतात. सासूबाई पदर नाकाला लावतात आणि उतरायच्या आधी काढून ठेवलेल्या चपला परत घालतात.

गाडीत बसल्यावर विषय निघतो, की शहर वाढतच राहिलं तर पुढचं पाणी कुठून? त्यावरही विचार झालेला आहे. एका समितीनं २०१४ मध्ये शरावतीचं, म्हणजे जोगच्या वरचं, पाणी बंगळूरला आणायची शिफारस केली. २०१९ मध्ये ती योजना पुन्हा चर्चेत आली, तेव्हा १० जुलैला शिवमोग्गा जिल्हा बंद झाला. ४०० किलोमीटरवरून नदी ओढून आणायची आणि पठारावर चढवायची, ही कल्पना तिथल्या लोकांना पसंत पडली नाही. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट यांचं मत कुणी घेतलं नाही. योजना मागे पडली. मेली, असं मात्र कुणी म्हणत नाही.

'थोडक्यात,' सासरे म्हणतात, 'मी पुढच्या वेळी येईन तेव्हा जोगला जायची गरज नाही. गीझर लावायचा, बादलीखाली बसायचं.'

तेवढ्यात लेकीच्या फोनवर मेसेज येतो. देखभालीसाठी पंप बंद, मंगळवारी दिवसभर पाणी नाही, साठवून ठेवावे.

'साताऱ्याला कासच्या तलावाचं पाणी येतं,' सासरे खिडकीबाहेर बघत सांगतात. 'डोंगरावरून खाली. उतारानं. पंपबिंप काही नाही.'

हा दिवसातला शेवटचा गुण असतो आणि तो बिनविरोध साताऱ्याला जातो. हारोहळ्ळीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली असते. सासूबाई मागच्या सीटवरून डबा पुढे करतात. 'कासचं पाणी राहू द्या, पुऱ्या उरल्यात. माकडांनी त्यांना हात लावलेला नाही. घरी नेऊन मी परत तळणार नाहीये, इथेच संपवा.'